दोन कानांची पट्टी

सभागृहात बसलेल्या सगळ्यांनी एकदम डावा हात उचलला आणि डावा कान घट्ट दाबून धरला. शाळेत शिक्षा झालेली पोरं बसावीत तशी ही मोठमोठी माणसं बसली होती. त्यात बँकेतला साहेब होता, औषधांच्या दुकानाचा मालक होता, आमच्या गल्लीतली शिवणवाली होती, निवृत्त पोस्टमास्तर होते आणि माझी ताई होती. मीही कान धरला. न धरून सांगते कोणाला! बाकांमधून दोन धट्टेकट्टे स्वयंसेवक फिरत होते, आणि ज्याचा हात सैल दिसेल त्याचा हात मोठ्या प्रेमानं परत कानावर दाबून बसवत होते.

जागा एका बंद पडलेल्या छापखान्याची. यंत्रं विकली गेली होती, शाईचा वास मात्र भिंतींना चिकटून राहिला होता. खिडक्यांना काळा कागद लावलेला. डाव्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत निळा पडदा, ओल दिसू नये म्हणून म्हणे. समोर एका मिणमिणत्या दिव्याखाली रिकामी लाकडी खुर्ची, आणि खुर्चीला खेटून स्टुलावर निरोपबाबा. मेलेल्या माणसांचे निरोप आणतात म्हणून निरोपबाबा. जटा नाहीत, दाढी नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. विमा विकायला आलेला माणूस वाटावा.

"मंडळी, देवानं कान दोन का दिले?" बाबांनी सुरुवात केली. "एकानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं सोडून द्यायचं, म्हणून? नाही! डावा कान या जगाचा. त्यात बाजार, भांडणं, शेजारणीच्या चुगल्या. उजवा कान त्या जगाचा. आता मला सांगा, बाजार बंद झाल्याशिवाय घरातलं तान्हं बाळ रडलेलं ऐकू येतं का?"

"नाही!" सभागृह म्हणालं.

"मग दाबा तो बाजार! डोळे मिटा, मन खुर्चीवर ठेवा. जो येईल तो खुर्चीतच येईल. गेलेल्या माणसाचे पाय जातात, पण बसायची सवय काही सुटत नाही." लोक हसले. बाबांनी हसू ओसरू दिलं. "आणि आवाज बारीक आला म्हणून रुसू नका. गळा इथंच राहिला, वाचा तेवढी वर गेली."

मग शांतता. कुणीतरी खोकलं. आणि कुजबुज आली, "आई... आई, मी भोंगा."

खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज खुर्चीतूनच आला होता. ताईच्या तोंडून हुंदका फुटला. "बोल रे राजा," ती म्हणाली.

"आई, त्या सुया बंद कर. तुझ्या अंगात औषध असलं की मला जवळ येता येत नाही."

भोंगा म्हणजे ताईचा एकुलता एक मुलगा. भावोजी तो लहान असतानाच गेले, ताईनं एकटीनं वाढवला, आणि कॉलेजात असताना एका ट्रकनं त्याची सायकल चिरडली. हे नाव त्याला माझ्या वर्गात पडलं. मी शाळेत गाणं शिकवते, आणि तो माझ्या समूहगानात होता. आवाज असा की घरात मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन यायची. जन्मात एकदा हळू बोललेला मला आठवत नाही. मरून मात्र तो कुजबुजायला शिकला होता, आणि आईला मधुमेहाचं औषध बंद करायला सांगत होता.

ताईनं दुसऱ्याच दिवशी इन्शुलिन बंद केलं.

मी रागावले, रडले, डॉक्टरीणबाईंना घरी घेऊन आले. त्यांनी ताईचा पाय पाहिला. चप्पल चावून अंगठ्यापाशी जखम झाली होती, तिच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या. "इंजेक्शन सुरू केलं नाहीत तर पाय जाईल," त्या म्हणाल्या. "पायावर थांबलं तर नशीब समजा."

ताई शांत होती. इतकी शांत की मला भीती वाटली.

"अगं, पायाचं काय घेऊन बसलीस?" ती मला म्हणाली. "तो येतो माझ्याशी बोलायला."

"ताई, तो आवाज भोंग्याचा नाही. कुणीही कुजबुजलं तरी आवाज सारखाच लागतो. मी कुजबुजले तरी तुला तो भोंगाच वाटेल."

"त्याला भोंगा म्हणत होतो हे त्यांना कसं कळलं मग?"

"बाहेरच्या खोलीत ती पाणी देणारी काकू तुझ्याशी इतका वेळ काय बोलत होती? सुयांचा कंटाळा आलाय, हेही तिलाच सांगितलंस ना?"

"ती बिचारी मायेनं विचारते. तुझ्यासारखी उलटतपासणी घेत नाही." ताईनं तोंड फिरवलं. "तू पुन्हा तिथं येऊ नकोस. तुझ्या मनात पाप आहे. तुझ्यामुळं तो यायचा थांबेल."

आता या माणसाशी वाद काय घालायचा? जिचं पोर मेलंय तिला तर्कशास्त्र शिकवायला गेलं की शिकवणाराच कसाई ठरतो. आणि खरं सांगायचं तर एका गोष्टीचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आवाज खुर्चीतून आला होता. खुर्ची रिकामी होती. हे मी माझ्या कानानं ऐकलं होतं.

कानानं. एका कानानं!

हे माझ्या डोक्यात आलं ते वर्गात. समूहगानातल्या एका मुलीचा कान दुखत होता म्हणून तिच्या आईनं त्यात कापसाचा बोळा कोंबून पाठवलं होतं. मी खिडकीपाशी उभी राहून तिला हाक मारली, तर ती दाराकडे बघायला लागली. पुन्हा मारली, तर फळ्याकडे. पोरं खो खो हसली. ती रडवेली होऊन म्हणाली, "बाई, तुम्ही कुठून बोलताय तेच कळत नाहीये!"

मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. आवाज कुठून आला हे आपल्याला कळतं ते दोन कानांमुळं. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी पोचतो आणि जरा मोठा पोचतो. उजव्या कानात किंचित उशिरा, किंचित बारीक. तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. एक कान दाबला की हा हिशेबच बसत नाही. मग आवाज कुठून आला, तर कुणी सांगेल तिथून. बाबांनी सांगितलं होतं खुर्ची, म्हणून आम्ही सगळ्यांनी खुर्चीतून ऐकलं. काय डोकं लावलंय मेल्यानं!

पण हे ताईला सांगून उपयोग नव्हता. कान उघडा ठेव म्हटलं असतं तर तिनं तो आणखी घट्ट दाबला असता. आणि तिथल्या बैठकीची लोकांनी फोनवर केलेली रेकॉर्डिंगं घरोघर फिरत होती, पण फोनचं ते रेकॉर्डिंगही एककानीच. त्यात नुसती कुजबुज, दिशा नाही. मला दोन कानांनी ऐकणारं काहीतरी तिथं न्यायला हवं होतं.

ते माझ्या कपाटात होतं.

समूहगान रेकॉर्ड करायचं तर एका माइकवर सगळी पोरं एका गोणीत कोंबल्यासारखी ऐकू येतात. दोन माइक लावायची तयार पट्टी बाजारात मिळते, पण शाळेकडे मागितली तर मुख्याध्यापक म्हणाले, "तोंड एक आहे ना तुमचं? मग माइक दोन कशाला?" मग मी आणि भोंग्यानं ती घरीच केली होती, ताईच्या स्वयंपाकघरात. खिडक्या बसवणाऱ्यानं टाकून दिलेला वीतभर ॲल्युमिनियमचा तुकडा. दोन्ही टोकांना एकेक भोक, दोन कानांत असतं साधारण तेवढ्या अंतरावर. भोकांत नट-बोल्टनं घट्ट केलेले दोन चिमटे, आणि चिमट्यांत कॉलरला लावायचे दोन छोटे माइक, दोन्हींचा आवाज वेगवेगळा टिपणाऱ्या बोटभर रेकॉर्डरला जोडलेले. खाली चपलेच्या रबराच्या चकत्या, म्हणजे हाताचा धक्का आवाजात येत नाही. मधोमध स्पंजचा जाड तुकडा उभा केलेला. "हे डोकं," भोंगा म्हणाला होता. "डोक्याशिवाय कान काय कामाचे?" डावं भोक त्यानं पाडलं होतं. ड्रिल निसटलं आणि भोक वाकडं गेलं, म्हणून तो माइक आजही किंचित तिरका बसतो. सगळा संसार मावतो एका कंपासपेटीत.

मी ताईची माफी मागितली, तुझ्याबरोबर येते म्हणाले. ती पाय ओढत निघाली. जखमेचा वास रिक्षात भरून राहिला होता. बाहेरच्या खोलीत पाणीवाल्या काकूनं तिला बसवलं, पाण्याचा पेला दिला, पाठीवरून हात फिरवला. चालताना तिच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खळखळायचा.

दारात स्वयंसेवकानं पेटी उघडायला लावली. "हे काय? कपडे वाळत घालायचे चिमटे?"

"रेकॉर्डिंग करायचंय," मी म्हणाले. "भाचा आहे माझा."

बाबांनी स्टुलावरूनच ऐकलं. "करू द्या, करू द्या! यंत्र कधी खोटं बोलत नाही, मंडळी. मनात शंका असते, यंत्रात नसते!"

बाबा आयुष्यात एवढं एकच वाक्य खरं बोलले असतील. मी खुर्चीच्या बरोबर समोर बसले, पट्टी मांडीवर सरळ धरली आणि आज्ञाधारकपणे डावा कान दाबला. पट्टीच्या कानांवर कुणाचा हात नव्हता.

घरी आल्यावर ताईला खुर्चीत बसवलं. हेडफोन तिच्या दोन्ही कानांवर नीट लावले, दुसरी जोडी मी लावली.

"आधी दुसरं काहीतरी ऐक," मी म्हणाले. "डोळे मीट. जे ऐकू येईल ते कुठून येतंय तिकडं बोट दाखव. एवढंच कर माझ्यासाठी."

मी जुन्या समूहगानाचं रेकॉर्डिंग लावलं. बाकं सरकली, पोरं कुजबुजली, आणि एकदम एक आवाज आला, "मावशी, तो डावा माइक वाकडा बसलाय!" वर्गात बाई म्हणायचं सोडून मावशी म्हणाला म्हणून सगळी पोरं हसली.

ताईचं बोट उजवीकडे गेलं आणि तिथंच थांबलं.

"हा इथं आहे," ती म्हणाली. "इथं उभा आहे."

"हो. तो नेहमी उजवीकडच्या टोकाला उभा राहायचा."

मग मी सभागृह लावलं. निरोपबाबांचा आवाज आला. ताईचं बोट समोर. पोस्टमास्तर खोकले. बोट उजवीकडे. मग शांतता, आणि ती कुजबुज, "आई, मी भोंगा."

बोट डावीकडे गेलं. पार डावीकडे. ताईनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"परत लाव," ती म्हणाली.

मी परत लावलं. बोट परत डावीकडे.

"खुर्ची तर समोर होती."

"हो ताई. डावीकडे तो निळा पडदा आहे."

"अजून एकदा."

तिसऱ्या वेळी कुजबुज संपल्यावर मी लगेच बंद केलं नाही. तिथंच, डावीकडेच, किल्ल्यांचा जुडगा खळखळला. ताईनं डोळे उघडले. तो आवाज तिनं दर वेळी पाण्याच्या पेल्याबरोबर ऐकला होता.

"म्हणजे तो आलाच नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"एकदासुद्धा?"

"एकदासुद्धा नाही, ताई."

"मग मी इतके दिवस कुणाशी बोलत होते गं?"

ती ओरडली नाही, मला मारलं नाही, मारलं असतं तर बरं झालं असतं. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती नुसती हलत राहिली. शेवटी म्हणाली, "दुसऱ्यांदा नेलास माझा पोरगा." आणि मग, डोळे न पुसताच, "ते इंजेक्शन कुठं ठेवलंयस?"

उशीर झाला होता. ताई वाचली, पण पायाचा पुढचा अर्धा भाग कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर तिनं पांघरुणाखालच्या त्या आखूड पायाकडे बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, "ते पोस्टमास्तर हृदयाच्या गोळ्या घेतात. त्यांना काय निरोप आला असेल गं?"

कुबडीवर चालता यायला लागलं तशी ती म्हणाली, "चल तिकडं. मला उरलेल्यांचे हात खाली घ्यायचेत."

पाय कापलेल्या बाईला दारात कोण अडवणार? बाबांनी तर तिचं उदाहरण करून टाकलं. "बघा मंडळी, देह झिजतोय, पण श्रद्धा झिजली का?" मग कान दाबले गेले, डोळे मिटले गेले. त्या दिवशी पाळी पोस्टमास्तरांची होती.

"अहो..." कुजबुज सुरू झाली. "अहो, मी आलेय. किती वाळलात हो..."

पडद्यामागच्या माणसाला सभागृह दिसत नाही हे आम्हाला ठाऊक होतं. ताई उठली. एक शब्द न बोलता तिनं शेजारच्या शिवणवालीचा हात धरला आणि कानावरून खाली घेतला. मग पुढच्या साहेबाचा. मग त्याच्या पुढचा. मी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. स्वयंसेवक धावत आले, पण कुबडीवरच्या बाईला ढकलायचं कसं, ते त्यांना सुचेना, आणि ओरडावं तर निरोप चालू! इकडं एकेक कान उघडत गेला आणि एकेक डोकं वळत गेलं. समोर नाही, खुर्चीकडे नाही, डाव्या भिंतीकडे. बाबांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्यासमोर ओळीनं नुसते उजवे कान होते.

"मंडळी! खुर्चीकडे... मन खुर्चीवर..." बाबा खुर्ची थोपटायला लागले.

ताई पडद्यापाशी पोचली आणि तिनं तो ओढला. छापखान्याच्या काळात पलीकडच्या खोलीतून कागद इकडं द्यायला त्या भिंतीत एक खिडकी ठेवलेली होती. खिडकीत पत्र्याचं मोठं नरसाळं बसवलेलं, आणि नरसाळ्याच्या निमुळत्या तोंडाला तोंड लावून स्टुलावर बसलेली पाणीवाली काकू.

"...गोळ्यांनी का माणूस जगतं..." काकूचं वाक्य तेवढं संपलं आणि मग तिनं वर पाहिलं.

निरोपबाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "भिंतीतून आला म्हणून काय झालं?" ते गरजले. "परलोकाला दार कुठंही असतं!"

"दार असू द्या हो," शिवणवाली म्हणाली, "पण परलोकात ही पाणी पाजणारी कशी बसलीय?"

दोघं-तिघं हसले. पण ते हसू लगेच विरलं, कारण बाकीचे रडायला लागले होते. बाबा त्या गोंधळात मागच्या दारानं सटकले. ते पुढं पोलिसांना सापडले.

काकू मात्र जागेवरून उठली नाही. "मी कुणाचं वाईट बोलले नाही," ती म्हणाली. "ज्यानं त्यानं मला सांगितलं काय हवंय ते. मी तेच बोलले."

ताईनं लुगड्याची निरी वर करून पाय पुढं धरला. "हे मागितलं होतं मी?"

काकूनं मान खाली घातली.

सभागृह रिकामं होत होतं. पोस्टमास्तर तेवढे तसेच बसून होते. डोळे मिटलेले, डावा कान हातानं गच्च दाबलेला. तो हात आम्ही खाली घेतला होता. त्यांनी तो परत वर नेला होता.

"काका, संपलं," मी म्हणाले.

"मला माहीत आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. "पहिल्या दिवसापासून थोडं थोडं माहीत होतं. पण तिचं वाक्य अर्धं राहिलंय. पुरं होऊ द्या की."

ताई कुबडी टेकून त्यांच्या शेजारी बसली. तिनं त्यांचा हात कानावरून काढला आणि सोडला नाही, आपल्या हातात धरून ठेवला.

"त्या कशा बोलायच्या ते मला सांगा," ती म्हणाली. "खऱ्या. जेवायला हाक कशी मारायच्या?"

पोस्टमास्तरांनी डोळे उघडले. ते सांगायला लागले. त्या संध्याकाळी आम्ही त्यांना घरी पोचवलं आणि ताईनं उभं राहून त्यांना गोळी घ्यायला लावली.

ताई आता रोज सुई टोचून घेते. कधी फारच आठवण आली तर हेडफोन लावून त्याचं ते ओरडणं ऐकते, वाकड्या माइकबद्दलचं. तो गेलाय हे तिला माहीत असतं. वाकड्या भोकाच्या त्या पट्टीनं त्याचा खरा आवाज जपून ठेवला, कसलाही मंत्र न म्हणता आणि कुणाचा पाय न मागता.

दुःखात माणसाला कुणीही फसवू शकतं, त्यात लाज वाटायचं कारण नाही. लाज फसवणाऱ्यानं बाळगावी. पण पुढच्या वेळी कुणी तुम्हाला चमत्कार दाखवायला लागला, तर काय दिसतंय नि काय ऐकू येतंय हे नंतर बघा. आधी बघा, तो तुम्हाला काय झाकायला सांगतोय. डोळे मीट म्हणाला तर डोळे उघडे ठेवा. औषध सोड म्हणाला तर डॉक्टरकडे जा. आणि कान दाब म्हणाला, तर हात खाली घ्या.